२,११० मतांचा धडा



दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेचा पाठ आला की आम्ही वर्गात दरवर्षी एक काम देतो. रायगड जिल्ह्याचा कोरा नकाशा मुलांच्या हातात ठेवायचा आणि सांगायचे, ‘यात आपला लोकसभा मतदारसंघ रंगवा.’ मुले पाच मिनिटांत अख्खा जिल्हा रंगवून मोकळी होतात. मतदारसंघाचे नाव रायगड, जिल्ह्याचे नाव रायगड, मग विचार कशाला करायचा?

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, “टीचर, माझं आजोळ दापोलीला आहे. मामूंच्या गावातसुद्धा हेच खासदार आहेत. मग दापोली या नकाशात का नाही?”

आम्हाला ती मुलगी फार आवडली. ज्या प्रश्नासाठी आम्ही तो नकाशा वाटतो, तो प्रश्न तिने स्वतःहून विचारला होता. या महिन्यात त्याच प्रश्नापासून सुरुवात करू. निवडणुका येतात आणि जातात, पण आपला मतदारसंघ कसा आहे, त्यात कोण राहते, तो कुठून कुठवर पसरला आहे, हे आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. बोलले जाते ते एवढेच, ‘आपली मते किती?’ त्या प्रश्नाकडेही आपण येणार आहोत.

आजचा रायगड लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. त्यात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड हे चार रायगड जिल्ह्यातले. दापोली आणि गुहागर हे दोन रत्नागिरी जिल्ह्यातले. उलट पनवेल, उरण आणि कर्जत हे रायगड जिल्ह्याचे भाग असूनही मावळ लोकसभा मतदारसंघात गेले आहेत. म्हणजे जिल्ह्याची माणसे जिथे सर्वांत वेगाने वाढत आहेत, तो पनवेलचा पट्टा घाटावरच्या पिंपरी-चिंचवडबरोबर मतदान करतो आणि खाडीपलीकडचे दापोली-मंडणगड आपल्याबरोबर. आंबेत आणि म्हाप्रळ हे सावित्रीच्या दोन काठांवरचे शेजारी. जिल्हे वेगळे, पण खासदार एकच.

हा सारा किनारा उत्तरेला धरमतरच्या खाडीपासून दक्षिणेला जयगडच्या खाडीपर्यंत जातो. पेण-अलिबागकडे आगरी आणि कोळी समाज मोठा. महाड, माणगाव, म्हसळा, दापोली, गुहागरकडे कुणबी समाज मोठा. मराठा, भंडारी, माळी आहेत. डोंगराच्या कुशीत कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत. महाड-मंडणगडकडे बौद्ध वस्ती आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातच आहे. अलिबागच्या परिसरात बेने इस्रायलींची जुनी घरे आणि प्रार्थनागृहे आहेत. आणि खाड्यांच्या काठाने, मुरूडपासून म्हसळा, श्रीवर्धन, गोरेगाव, बाणकोट, हर्णे, दाभोळपर्यंत आपले कोकणी मुसलमानांचे मोहल्ले आहेत. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात होता, हे आमच्या विद्यार्थ्यांना किल्ला पाहायला गेल्यावरच कळते.

आता संख्या पाहू. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० आणि रत्नागिरी जिल्ह्याची १६,१५,०६९ होती. मुसलमानांचे प्रमाण रायगड जिल्ह्यात ८ ते ९ टक्के, रत्नागिरी जिल्ह्यात ११ ते १२ टक्के. म्हणजे दर दहा माणसांत साधारण एक जण आपला. या आकड्यावर दर निवडणुकीत चौकाचौकांत हिशेब मांडले जातात. अमुक समाजाची इतकी, तमुक समाजाची इतकी, मुसलमानांची इतकी. जणू मते म्हणजे धान्याची पोती, आणि ज्याच्या गाडीत जास्त पोती तो जिंकला.

हा हिशेब खरा असता तर बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले कधीच निवडून आले नसते.

आंबेत गावी १९२९ मध्ये जन्मलेले अंतुले श्रीवर्धनचे आमदार झाले, ९ जून १९८० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, हेही सांगितले पाहिजे. आपला माणूस म्हणून इतिहास अर्धा सांगायचा नसतो. पण त्यांच्याच कारकिर्दीत निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि कुलाबा जिल्ह्याला छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजधानीचे, रायगडाचे, नाव मिळाले. आज मुले वर्गात ज्या जिल्ह्याचा नकाशा रंगवतात, त्याचे हे नाव एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याच्या काळात आले, हे मुलांना सांगितले की वर्गात क्षणभर शांतता पसरते.

हेच अंतुले पुढे कुलाबा मतदारसंघातून १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये लोकसभेवर गेले. १९९८ आणि १९९९ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर निवडून आले. २००४ मध्ये पुन्हा अंतुले आले, आणि २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक कार्य मंत्रालय नव्याने स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले मंत्री झाले. दहातला एक माणूस ज्या समाजाचा, त्या समाजाचा उमेदवार चार वेळा खासदार होतो. ती मते कुणाची होती? आगऱ्यांची होती, कुणब्यांची होती, कोळ्यांची होती, बौद्धांची होती. आणि २००९ मध्ये नव्या रायगड मतदारसंघात शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्याच अंतुलेंना १,४६,५२१ मतांनी हरवले. त्यांचे आंबेत गाव त्याच मतदारसंघात होते. जिंकले तेव्हा केवळ आपल्यामुळे जिंकले नाहीत, हरले तेव्हा केवळ आपल्या कमी संख्येमुळे हरले नाहीत.

हा मतदारसंघ पहिल्यापासून कुणाच्या खिशात नव्हता. १९५२ मध्ये कुलाब्याने महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांना काँग्रेसतर्फे निवडून दिले. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि पुढच्या निवडणुकीत कुलाबा शेकापकडे गेला. शेकापची ताकद इथल्या मातीतली होती. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी जमिनी न कसता संप केला, ती आठवण लोकांनी मतपेटीपर्यंत जपली. पुढे दि. बा. पाटील दोनदा इथून खासदार झाले. घराणे, जात आणि धर्म यांच्याइतकाच जमिनीचा, कुळाचा आणि भरपाईचा प्रश्न इथल्या मतांना वळण देत आला आहे.

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येऊ.

२०१४ मध्ये अनंत गीते आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांच्यात लढत झाली. गीतेंना ३,९६,१७८ मते, तटकरेंना ३,९४,०६८. फरक २,११०. सारा मतदारसंघ धरला तर मतदान केंद्रे दोन हजारांच्या आसपास. म्हणजे एका केंद्रामागे साधारण एका मताचा फरक. त्यातच गंमत अशी की सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार उभे होते आणि त्यांना ९,८४९ मते पडली! नाव नीट वाचता येणे किती मोलाचे, हे सांगायला आम्हाला वर्गात याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

२०१९ मध्ये तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, पण सोबती बदललेले होते. २०१४ आणि २०१९ मध्ये गीते भाजपच्या युतीत आणि तटकरे काँग्रेसच्या आघाडीत होते. २०२४ मध्ये तटकरे भाजपबरोबर महायुतीत आणि गीते काँग्रेस व शेकापबरोबर. तटकरेंना ५,०८,३५२ आणि गीतेंना ४,२५,५६८ मते मिळाली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण २७ हजारांहून जास्त लोकांनी दाबले, २०१४ च्या फरकाच्या बारापट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पाच जागा महायुतीकडे आणि गुहागर तेवढे ठाकरेंच्या शिवसेनेकडे राहिले.

हे सारे आम्ही कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहीत नाही. कुणाला मत द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण उमेदवार तेच आणि बाजू उलट, असे जिथे होते तिथे ‘आपली मते अमक्यालाच जाणार’ असे कोणी आधीच जाहीर करून टाकले तर ते आपल्या वतीने बोलण्याचा हक्क कुठून आणतात, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. आपल्यातला मच्छीमार हर्णेच्या लिलावात इतर मच्छीमारांबरोबर उभा असतो. आपला रिक्षावाला मुंबई-गोवा महामार्गाच्या त्याच खड्ड्यांतून जातो, ज्या महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालले आहे. आपल्या मुली त्याच एसटीची वाट पाहतात. मागणे सारखे असेल तर मते वेगळ्या पोत्यात भरायची कशाला?

आपल्या राज्यघटनेनेही हाच विचार केला आहे. इंग्रजांनी १९०९ मध्ये मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ केले होते. स्वतंत्र भारताच्या घटनेत कलम ३२५ म्हणते की प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कुणाचेही नाव वगळता येणार नाही. मतदार यादीत नाव, वय, नात्यातल्या एका माणसाचे नाव आणि घर क्रमांक असतो. धर्माचा रकाना नसतो. यादीत आपण सारे एकाच रांगेत आहोत.

महाडचे उदाहरण आम्ही नेहमी देतो. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची तर बाबासाहेबांच्या मंडपाला कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मंडपासाठी जमीन देताना त्यांनी ‘आपली मते किती’ असा हिशेब केला नव्हता. न्यायाची बाजू पाहिली होती.

तर मग चिंता कशाची करायची? चिंता करायची ती यादीची.

मतदार याद्यांच्या कामात आम्हा शिक्षकांना घरोघर जावे लागते. मोहल्ल्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. यादीत त्या घरात पाच नावे होती. दार उघडले ते सुनेने. आम्ही नावे वाचू लागलो. सासरे आणि सासूबाई, दोघांचाही इंतकाल होऊन काही वर्षे झालेली. नवरा कुवेतला. दीर मुंब्र्याला बिऱ्हाड करून. नणंद लग्न होऊन म्हसळ्याला. पाचही नावे झाली, आणि त्यातले एकही माणूस त्या घरात राहत नव्हते. राहत होती ती सून आणि तिची दोन मुले. तिचे नाव कुठे? अजून माहेरी, खेड तालुक्यात. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षांत तिने एकदाही मत दिले नव्हते.

“टीचर,” ती म्हणाली, “रेशन कार्डात नाव आहे ना माझं. मला वाटलं, त्यातच आलं असेल.”

पाण्याची टाकी, रस्ता, दवाखाना, शाळा हे सगळे रोज जिला लागते, ती एकटीच यादीत नव्हती. आम्ही तिचा अर्ज भरून घेतला. पण परतताना वाटेत मनात एकच होते, की अशी घरे किती?

कोकणात हा प्रश्न बायकांचा आहे, कारण कोकणात राहणाऱ्या त्याच आहेत. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. २०२४ च्या लोकसभेला रायगड मतदारसंघाच्या यादीत १६,६८,३७२ मतदार होते. त्यात ८,४७,७६३ स्त्रिया आणि ८,२०,६०५ पुरुष. सत्तावीस हजारांनी स्त्रिया जास्त. पुरुष मुंबईला, आखातात, जहाजावर. घर, शेत आणि म्हातारे सांभाळते ती बाई. मग घरात मताची चर्चा फोनवरून आलेल्या हुकमाने का संपावी? ‘ते सांगतील तसं’ हे उत्तर आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे! भाऊंनो, तुम्ही कमवायला लांब गेलात, अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो. पण गावचा रस्ता कसा आहे हे तुमच्यापेक्षा तुमच्या घरच्यांना जास्त माहीत आहे.

आणि जाणाऱ्यांची दुसरीही एक किंमत आहे. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. वाढली नाही, घटली. मतदारसंघ माणसे मोजून आखले जातात. २००८ च्या आधी या किनाऱ्यावर कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर असे तीन लोकसभा मतदारसंघ होते. आता रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन उरले, आणि उत्तरेचा तुकडा मावळला जोडला गेला. दापोली आपल्या खासदाराकडे का आली, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कोकणातली माणसे निघून गेली, म्हणून रेषा सरकल्या.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. २०२६ नंतरच्या जनगणनेवर मतदारसंघांची पुढची पुनर्रचना व्हायची आहे, आणि लोकसभा-विधानसभेतले महिलांचे एक तृतीयांश आरक्षणही २०२३ च्या घटनादुरुस्तीने त्याच पुनर्रचनेशी जोडले आहे. गणनेला आलेल्या माणसाला घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, तान्ह्या बाळापासून दादीपर्यंत, नीट सांगा. जो मुंबईत राहतो तो मुंबईत मोजला जाईल, ते योग्यच आहे. पण जो इथे राहतो तो इथे मोजायचा राहू नये.

आता कामाचे थोडे. हा भाग कापून कपाटाच्या दाराला लावा.

नवीन नाव घालायला नमुना ६. अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. लग्न होऊन आलेल्या सुनेने, घर बदललेल्याने किंवा नावात चूक असलेल्याने नमुना ८ भरायचा. मयताचे नाव काढायला नमुना ७. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मंजूर नाही, आणि खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. गावात घर आहे म्हणून मुंबईत राहणाऱ्याने इथेही नाव ठेवायचे, असे चालत नाही. माणूस नेहमी राहतो कुठे, हे पाहिले जाते. मयतांची नावे ‘राहू देत’ म्हणून ठेवू नका. आपली यादी आपणच साफ ठेवली तर तिच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा उरत नाही.

आखातात असलेल्यांसाठी नमुना ६अ आहे. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, त्याला पासपोर्टावरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येते. पण मत द्यायला स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते, मूळ पासपोर्ट घेऊन.

आणि स्पेलिंग! एकाच बाईचे नाव आधारवर फातिमा, यादीत फातेमा, शाळेच्या दाखल्यावर फातमा. नवऱ्याचे नाव एकीकडे मोहम्मद, दुसरीकडे महंमद, तिसरीकडे नुसते ‘मो.’ उर्दूत एक असलेले नाव मराठीत आणि इंग्रजीत येताना तीन होते. मुले शाळेत दाखल करतानाच एक स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. ही तक्रार शिक्षक म्हणून आमची जुनीच आहे.

त्या मुलीने शेवटी नकाशा पुरा केला. रायगडच्या कागदाला तिने खाली एक कागद डिंकाने चिकटवला, त्यावर दापोली आणि गुहागर काढले, आणि वर पनवेल-उरण-कर्जत कोरे सोडले. मग विचारले, “टीचर, माझं अठरा पूर्ण होईल तेव्हा मी कुठल्या रंगात असेन?”

आम्ही म्हटले, “बेटा, रेषा तोवर बदलतीलही. तू फक्त यादीत असशील एवढं बघ.”

संध्याकाळी घरी गेल्यावर तिने आपल्या अम्मीचे नाव यादीत आहे का ते पाहावे, असा गृहपाठ आम्ही वर्गाला दिला आहे. आमच्या वाचकांनाही तोच गृहपाठ. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.